एका मजल्यावरची दोन खाती
(ठाण्यातील एका व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सरकारी कामकाज: सामाईक मानकं, सामाईक सोयी आणि शाश्वत इमारती’. इमारतींवर मी बोलणारच आहे. पण आधी एका फ्लॉपीची गोष्ट सांगू द्या. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मी स्थापत्य अभियंता. नव्वदीच्या अखेरीस ज्या कचेरीत होतो, तिथे एकाच मजल्यावर दोन खाती बसायची. मधे जिना आणि पाण्याचा माठ, एवढंच अंतर. आम्ही एका आश्रमशाळेतल्या मुलींच्या शौचालयांचा प्रस्ताव प्रशासकीय मान्यतेसाठी तयार केला. चाळीसेक पानं, सगळी मराठीत. पलीकडच्या खात्याला त्यात आपला मजकूर घालून तो पुढे पाठवायचा होता, म्हणून आम्ही फ्लॉपी दिली. तासाभरात शिपाई परत आला. ‘साहेब, ते म्हणतात इंग्रजीत काहीतरी भलतंच दिसतंय.’

जाऊन बघितलं. पडद्यावर कंस, टक्के, डॉलर, उलटेसुलटे स्वल्पविराम. आमचा फॉन्ट एका कंपनीचा, त्यांचा दुसरीचा. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली अक्षरं बसवायचे आणि कुठल्या जागी काय बसवायचं हे ज्याचं त्याने ठरवलेलं. आमचा ‘क’ त्यांच्याकडे टिंब व्हायचा.

मग त्यांच्या टंकलेखिका बाईंनी चाळीस पानं पुन्हा बडवली. फेब्रुवारी संपत आलेला, मार्चअखेरची घाई. तीन दिवस त्या बसल्या आणि एका तक्त्यात ‘१२ नग’ चं ‘२ नग’ झालं. खर्च बाराचा आणि नग दोन! वरून त्रुटी निघाली, फाईल परत आली, एकतीस मार्च उलटला, निधी व्यपगत, म्हणजे बुडाला. त्या मुलींना आणखी एक पावसाळा ओढ्याकाठी जावं लागलं. आणि बाईंना ‘कारणे दाखवा’ नोटीस. मला आजही त्याचा राग येतो. चाळीस पानं दुसऱ्यांदा बडवायची वेळच त्यांच्यावर का आली, हे कारण कोणीच कोणाला विचारलं नाही.

आणि उपाय तेव्हा अस्तित्वात होता! युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरीला स्वतःची जागा आहे. ‘क’ म्हणजे ०९१५, मग कंपनी कुठलीही असो. आपल्या ‘दुसऱ्या’तल्या, ‘वाऱ्या’तल्या त्या ऱ ची सोय सगळीकडे नीट व्हायला वेळ लागला, ते खरं. त्यावर मी तासभर बोलू शकतो, पण अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. २००९ साली शासन निर्णय निघाला आणि मराठी वर्णमाला प्रमाण झाली. देठाचा श आणि पाकळीचा ल आपले ठरले. किती जणांना वाटलं, ही अक्षरांची हौस आहे. मला त्यात ती आश्रमशाळा दिसते.

मानक म्हणजे काय, ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी इथे आली ती साडेपाच फूट अंतराच्या रुळांवरून. तेच माप सगळीकडे राहिलं असतं तर? पण पुढे स्वस्त पडतं म्हणून मीटरगेज, म्हणजे मीटरभर अंतराचे रूळ आले. रुळांचं माप बदलायचं म्हणून मनमाडला गाडी बदललेलं इथे कोण आहे? हात वर करा. बघा, मागच्या दोन रांगा मराठवाड्याच्या! ट्रंका, वळकट्या, झोपलेली पोरं, सगळं उतरवून पुन्हा चढवायचं. कापसाच्या गाठींचंही तेच. आमच्या मजल्यावरचा माठ म्हणजे ते मनमाड होतं.

उलट उदाहरणही आपल्याच माणसाचं आहे. पिनकोड. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडे सुरू झाले. ४००६०१ लिहिलं की पत्र ठाण्यात येतं, मग पत्ता तमिळमध्ये लिहिलेला का असेना.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर इमारती.

आपल्याकडे प्रत्येक खातं आपलं सभागृह, आपला जनरेटर, आपली रेकॉर्ड रूम मागतं. सभागृह महिन्यातून चार वेळा उघडतं. बेलापूरच्या कोकण भवनात सिंधुदुर्गाहूनही माणूस येतो. एका छताखाली अनेक कचेऱ्या असल्या की त्याचा एक दिवस वाचतो. माझं म्हणणं, छतावर थांबू नका. सभागृह एक, रेकॉर्ड रूम एक, टपालाची खिडकी एक, उपाहारगृह एक. रॅम्प आणि हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, मात्र नक्की. वेगवेगळं बांधताना पैसे संपतात तेव्हा आधी हेच गळतं. खर्च वाटून घेता येतो का? नवी मुंबईची लोकल बघा. मानखुर्दहून खाडीपलीकडे मार्ग नेताना नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने ६७ टक्के भार उचलला, रेल्वेने ३३. वाशीला खाली फलाट, वर कचेऱ्या.

खरेदीही एकत्र हवी. एलईडी दिव्याचं मानक एक ठरवून केंद्राच्या कंपनीने घाऊक खरेदी केली, तेव्हा २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांपर्यंत उतरला.

आता वीज. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ ची, सुधारून २०१७ ला आली. १०० किलोवॉट आणि त्यावरच्या जोडभाराच्या, म्हणजे जोडलेल्या सगळ्या विजेच्या उपकरणांची बेरीज तेवढी असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी भिंत, छत, काच, दिवे, वातानुकूलन, सगळ्याचं माप तिच्यात आहे. मग आपण पश्चिमेला काचेची भिंत का उभारतो? कारण बांधणारं खातं एक आणि वीजबिल भरणारं दुसरं. बांधणारा ऊन अडवणाऱ्या छज्ज्याचा खर्च वाचवतो, बसणारा जन्मभर एसीचं बिल भरतो. पुन्हा तोच माठ मधे! अंदाजपत्रकातच पुढच्या वीस वर्षांचं बिल लिहायला लावा, छज्जे आपोआप परत येतील. १ जानेवारी २०२० पासून खोलीचे नवे एसी मुळातच २४ अंशांवर लावलेले येतात. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. तरी साहेबांच्या केबिनमध्ये १८ आणि बाहेर बाकावर म्हातारी माणसं घामाघूम. हे मला पटत नाही.

दुसरी चिठ्ठी आली. पावसाचं पाणी आणि छतावरची सौर पॅनेलं राहिली, ती प्रश्नोत्तरांत घेऊ. जिल्ह्यातल्या कुठल्या सरकारी इमारतीत किती सभागृहं आहेत, ती महिन्यात किती दिवस वापरली जातात आणि तिचं वीजबिल कोणतं खातं भरतं, याची एकच यादी जाहीर करावी, असं पत्र मी तयार केलंय. बाहेर टेबलावर ठेवलंय. पटलं तर सही करा. पत्र युनिकोडमध्ये आहे. ज्यांनी टंकलं त्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.