पेटीच्या झाकणाला एक छिद्र

नमस्कार, श्रोतेहो.

रविवारची उपासना सुरू झाली आहे, गीत चाललं आहे, आणि दारात एक कुटुंब उभं आहे. आई, वडील, दोन मुलं. बाकं गच्च भरलेली, मधल्या वाटेत खुर्च्या, तरुण मुलं भिंतीला टेकून उभी. आतून कुणीतरी हात करून बोलावतं, पण चौघांना एकत्र बसता येईल एवढी जागा कुठेच नाही. ते दोन कडवी होईपर्यंत थांबतात आणि निघून जातात. पुढच्या रविवारी येत नाहीत. त्यांचं नावही कुणी विचारलेलं नसतं.

मी एका ख्रिस्ती मंडळीच्या बांधकाम निधीचा खजिनदार होतो. चर्चची इमारत वाढवायची, हा विषय आमच्याकडे निघाला तो असं दारातून परत जाणाऱ्यांमुळे. ती वही सांभाळताना जे उमगलं, ते आज तुम्हांला सांगतो.

वाढवायची म्हटलं की सगळे आधी बाकं मोजतात. आम्हीही तेच केलं. पण विटा मागवण्याआधी आम्ही रविवारी एकाऐवजी दोन उपासना घेऊन पाहिल्या. तीच वास्तू, तेच छप्पर, फक्त पाळकांवर, म्हणजे धर्मगुरूंवर, आणि गायकमंडळावर ताण वाढला. वर्षभरात दोन्ही वेळा बाकं भरली, तेव्हा बांधकामाची गरज खरी आहे याची आमची खात्री पटली. देणाऱ्यांचीही पटली, आणि ते अधिक महत्त्वाचं होतं.

चार्ल्स स्पर्जन 1854 मध्ये लंडनच्या न्यू पार्क स्ट्रीट मंडळीत पाळक म्हणून आले, तेव्हा ते 19 वर्षांचे होते. गर्दी इतकी वाढली की 1855 मध्ये इमारत मोठी केली. काम संपवून मंडळी परत आली, तर वाढवलेली जागाही अपुरी पडली! मग भाड्याच्या सभागृहात उपासना घ्यायचं ठरलं. 1856 च्या ऑक्टोबरमध्ये अशाच एका सभागृहात हजारो लोक जमले असताना ‘आग’ अशी खोटी ओरड झाली, चेंगराचेंगरी झाली, आणि सात जणांचा जीव गेला. ही हकिकत वाचली त्या रात्री मी आमचा नकाशा पुन्हा उघडला. त्यात बाकं दुप्पट झाली होती आणि दारं होती तेवढीच. दुसऱ्या दिवशी वास्तुविशारदांना सांगितलं, की बाकांच्या चार रांगा कमी करा, पण बाजूला दोन रुंद दारं द्या. खर्च वाढला. त्याबद्दल एकानेही कुरकुर केली नाही, कारण सभेत मी ते सात जीव सांगितले होते.

स्पर्जन यांच्या मंडळीने पुढे स्वतःची मोठी वास्तू बांधली, मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल. खर्च 31 हजार पौंडांच्या वर गेला. मार्च 1861 मध्ये दारं उघडली तेव्हा डोक्यावर एक पैशाचंही कर्ज नव्हतं. प्रत्येक मंडळीला हे जमेल असं मी म्हणत नाही. पण कर्ज काढायचं तर हप्ता कुठून जाणार हे आधी ठरलेलं असावं. नाहीतर तो हप्ता पाळकांच्या पगारातून आणि गरिबांच्या मदतनिधीतून जाऊ लागतो, आणि हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब कर, नाहीतर पाया घालून काम अडकेल आणि लोक हसतील, असं प्रभू येशूने बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात सांगितलं आहे. जर्मनीतल्या कलोन कॅथेड्रलची पायाभरणी 1248 मध्ये झाली. सोळाव्या शतकात काम थांबलं, आणि अर्धवट बुरुजावर जड दगड वर चढवायची लाकडी यारी तशीच उभी राहिली, तीनशेहून अधिक वर्षं! पिढ्यानपिढ्या माणसं ती पाहत मोठी झाली. 1842 मध्ये काम पुन्हा सुरू झालं. त्यासाठी राज्याने पैसा दिला, नागरिकांनी संघ स्थापून वर्गण्या जमवल्या, आणि 1880 मध्ये कॅथेड्रल पुरं झालं. इतकी वर्षं थांबण्याची ताकद लहान मंडळीत नसते. म्हणून आम्ही कामाचे टप्पे केले. पाया आणि खांब पुढे वरचा मजला पेलतील असे घेतले, पण तो मजला त्या वेळी बांधला नाही. अंदाजपत्रकात अडीअडचणीसाठी दहावा हिस्सा वेगळा काढला. जुनी भिंत फोडली की आत काय निघेल, ते कुणालाच ठाऊक नसतं.

आता पेटीकडे येतो. मला खरं बोलायचं आहे ते याच गोष्टीवर.

बायबलमधलं ‘दुसरे राजे’ हे पुस्तक, बारावा अध्याय. योवाश राजाने मंदिराच्या दुरुस्तीचं काम याजकांवर सोपवलं. पैसा त्यांच्या हाती येत होता, पण राजाच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष आलं तरी मंदिराची मोडतोड तशीच होती. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला छिद्र पाडलं, आणि ती वेदीजवळ उजव्या बाजूला ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसे मोजत, थैल्यांत बांधत, आणि कामावर देखरेख करणाऱ्यांकडे देत. तिथून ते सुतारांना, गवंड्यांना, पाथरवटांना जात. त्या पैशातून चांदीची पात्रं केली नाहीत, हेही तिथे मुद्दाम नोंदवलं आहे.

केवढी साधी युक्ती! पेटी सर्वांना दिसेल अशी. मोजणारे दोन, आणि तेही दोन वेगळ्या बाजूंचे. ज्या कामासाठी दिलं, त्याच कामाला लागलं.

त्याच अध्यायात पुढे म्हटलं आहे, की देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत. हे वचन मला अनेकदा ऐकवलं गेलं, “भाऊ, देवाच्या कामात इतका हिशेब कशाला?” मी उत्तर देत असे, आधीची वचनंही वाचा. पैसा दोघांनी मोजून बांधल्यावर मगच तो कामावर गेला. तो विश्वास त्या मोजणीनंतर आला आहे.

हे सैल सुटलं की काय होतं, तेही इतिहासात आहे. रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी पोप दहावे लिओ यांच्या काळात जर्मनीत पापदंडमाफीची पत्रं देऊन पैसा गोळा केला गेला. त्यातला निम्मा तिथल्या आर्चबिशपने सावकारी पेढीकडून घेतलेलं कर्ज फेडायला जात होता, आणि देणाऱ्या साध्या माणसांना ते माहीत नव्हतं. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी लिहिलेले 95 मुद्दे याच पत्रांच्या वादातून आले. भीती घालून घेतलेला आणि सांगितलं एक, लावलं दुसरीकडे, असा पैसा मंडळीला फार महागात पडतो.

आमच्या पंचांनी सुरुवात स्वतःपासून केली. बायबलमधल्या दावीद राजाने मंदिरासाठी आधी स्वतःचं सोनं-रुपं दिलं आणि मगच इतरांना विचारलं, हे सगळ्यांनाच पाठ होतं. आम्ही कुणाच्या नावाची पाटी लावली नाही. यावर वाद झाला, एक मोठा देणगीदार दुरावला. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पण बायबलमधल्या, दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन अगदी छोटी नाणी, टाकणाऱ्या विधवेचं नाव कोणत्या पाटीवर लिहिणार होतो?

रानातल्या निवासमंडपाची, म्हणजे मोशेच्या काळातल्या तंबूच्या उपासनास्थानाची गोष्ट मला सगळ्यांत प्रिय आहे. लोक रोज सकाळी इतकं आणू लागले की कारागीरच मोशेकडे गेले आणि म्हणाले, गरजेपेक्षा जास्त येत आहे. मोशेने छावणीत दवंडी पिटवली, आता आणू नका. विचार करा, हे कारागीर गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं?

आमचाही आकडा एके दिवशी पुरा झाला. आम्ही फळ्यावर लिहिलं, ‘निधी पूर्ण झाला आहे, कृपया आता देऊ नये.’ पुढच्या रविवारी एक आजी पाकीट घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. दोन वर्षं महिन्याला ठरावीक रक्कम देण्याचं त्यांनी वचन लिहून दिलं होतं. मी फळ्याकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, “फळा तुमचा. माझे अजून दोन महिने राहिलेत.”

मी पुन्हा पावतीपुस्तक उघडलं. दोघांनी पैसे मोजले, पावती फाडली. आजींनी ती घडी घालून बायबलमध्ये ठेवली आणि नव्या बाजूच्या दाराजवळच्या बाकावर जाऊन बसल्या.