माक्की एम.सी. ७२ : लाल आणि पितळी

मंडळी, २३ ऑक्टोबर १९३४ रोजी इटालियन वैमानिक फ्रान्चेस्को आजेल्लो यांनी माक्की एम.सी. ७२ या विमानातून इटलीतल्या गार्दा सरोवरावर ताशी ७०९.२ किलोमीटरचा वेग गाठला. पिस्टन इंजिनाच्या सीप्लेनचा (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा) तो विक्रम आजही कायम आहे. ते विमान रोमजवळ विन्या दी वाल्ले इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात उभं आहे. त्यामुळे त्याच्या छोट्या मॉडेलला नेमका कोणता रंग द्यायचा हा प्रश्न सुटला असं वाटतं, पण तसं नाही.

आधी लाल रंग पाहू. त्या काळच्या काही फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या, त्यांत हे विमान काळपट दिसतं. दुसऱ्या प्रकारच्या फिल्मवर तेच विमान करडं उमटतं. म्हणजे कृष्णधवल फोटोवरून छटा काढू नका. रंगाची सीमा कुठे संपते, चकाकी किती, एवढंच त्यातून घ्या. संग्रहालयातले रंगीत फोटोही दिव्यांच्या उजेडानुसार बदलतात. फोटोत शेपटीवरचा पांढरा पट्टा पिवळट दिसत असेल, तर लालही तेवढाच पिवळ्याकडे झुकलेला आहे असं समजा.

लहान मॉडेलवर रंग थोडा उजळ लागतो. लालमध्ये पांढरा घातला की गुलाबी होतो, म्हणून थेंबथेंब नारिंगी घाला. खाली फिकट गुलाबी प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) द्या. करड्या प्रायमरवर लाल मळकट दिसतो, मग थर वाढत जातात आणि पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेषा बुजतात. सुकाणूवरचा हिरवा-पांढरा-लाल तिरंगा असेल तिथला पांढरा आधी मारून झाका. काही लाल रंग वरच्या पांढऱ्यात पाझरतात. वर कितीही थर द्या, गुलाबी झाक राहतेच.

पंखांवरचा पितळी रंग ही सजावट नव्हे. २४ सिलिंडरच्या, सुमारे ३,१०० अश्वशक्तीच्या फियाट ए.एस. ६ इंजिनाचं पाणी थंड करायला बाहेर जाळी लावली तर हवेचा रोध वाढतो. म्हणून पंखाचा पृष्ठभागच चपट्या नळ्यांचा रेडिएटर केला. लाल पूर्ण वाळल्यावर मास्किंग करा, म्हणजे तो टेपने झाका, पंखावर चकचकीत काळा बेस द्या आणि एअरब्रशने १२ ते १५ पीएसआय एवढ्या हवेच्या दाबावर पितळी रंगाचे अगदी पातळ फवारे मारा. क्रम उलटा केलात तर टेप काढताना धातूचा रंग सोबत निघतो. टेप आधी तळहातावर चिकटवून तिचा जोर कमी करा. नंतर थोडी पट्टी-पट्टी तांबूस झाक दिली की पंख सपाट पत्र्यासारखा दिसत नाही. संग्रहालयात आज दिसणारं काळवंडलेलं पितळ मात्र १९३४च्या मॉडेलवर नको.

जुळणीत खरी डोकेदुखी तराफ्यांची, म्हणजे विमान पाण्यावर तरंगवणाऱ्या खालच्या दोन भागांची. १:४८ प्रमाणाच्या (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या) मॉडेलमध्ये पंखाचा विस्तार सुमारे १९७ मिलिमीटर, आणि दोन तराफ्यांत अर्धा अंशही फरक पडला तरी समोरून दिसतो. रेझिन (ओतीव प्लॅस्टिक) किटचे भाग आधी भांड्याच्या साबणाने धुवा, नाहीतर रंग सोलून निघेल. तराफ्याचा वाकडा खांब गरम पाण्यात धरून सरळ करा आणि थंड होईपर्यंत दाबून ठेवा. खांबांत पितळेची तार घाला, कारण नुसत्या सुपरग्लूचा सांधा हात लागताच सुटतो. तराफे आलेखाच्या कागदावर समांतर ठेवून मगच चिकटवा. घासताना रेझिनची पूड उडू नये म्हणून पॉलिश पेपर ओला ठेवा, तोंडाला मास्क लावा.

पुढचे दोन पंखे (प्रोपेलर) विरुद्ध दिशांनी फिरतात, तेव्हा त्यांच्या पात्यांचा पीळही एकमेकांच्या उलट हवा. ताणाच्या तारा सगळ्यात शेवटी, लवचीक धाग्याच्या.