क्यूचा आवाज येतो कुठून?

पूल किंवा स्नूकरची नवी क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, हातात आली की पहिला बॉल मारताना आपण बॉलकडे कमी बघतो आणि कान जास्त टवकारतो. भरीव ‘टक’ आलं की खूश. ‘टण्’ वाजलं की नाक मुरडायचं, मग क्यू कितीही महागडी असो. माझं म्हणणं असं आहे की आवाजावरून क्यूची तब्येत कळते, तिची लायकी नाही.

निम्म्याहून जास्त प्रकरण टिपपाशी, म्हणजे क्यूच्या पुढच्या टोकावरच्या टोपीपाशीच मिटतं. चामड्याची टिप पांढऱ्या बॉलला चिकटून असते ती सेकंदाचा साधारण हजारावा भाग. टिप मऊ असेल तर हा वेळ किंचित वाढतो, कडक असेल तर घटतो. धक्का जितका आखूड, तितके त्यात वरचे स्वर जास्त. ब्रेकच्या, म्हणजे डावाचा पहिला फटका मारायच्या क्यूला फिनॉलिक या प्लास्टिकसारख्या पदार्थाची कडक टिप लावतात, तिचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला कानात घुसतो तो यामुळेच. दोन बॉल एकमेकांवर आपटतात तेव्हा स्पर्शाचा वेळ आणखी कमी असतो, म्हणून तो आवाज आणखी टोकदार.

नवीन टिप महिनोन्‌महिने मार खाऊन दबते, घट्ट होते, घासून पातळही होते. मग खेळाडू तक्रार घेऊन येतो, “क्यू पूर्वीसारखी वाजत नाही.” अहो, क्यू तीच आहे! टिप बदला.

आता ही क्यू बघा. बटाकडच्या, म्हणजे मागच्या जाड बाजूला दोन बोटांत अलगद धरतो आणि शाफ्टवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागावर टिचकी मारतो. जागा थोडी पुढे-मागे सरकवत गेलं की एका ठिकाणी ती छान घुमते. ऐकलंत? आता मूठ आवळतो. गेला आवाज. खेळताना एक हात बटावर आणि दुसऱ्याचा ब्रिज, म्हणजे बोटांचा आधार, शाफ्टखाली, म्हणजे ही घुमण आपणच दाबत असतो. घट्ट पकडणाऱ्याची आणि सैल पकडणाऱ्याची एकच क्यू वेगळी वाजते ती अशी. बॉलला मात्र त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. हाताला धक्का जाणवून तो काही करेपर्यंत बॉल केव्हाच निघून गेलेला असतो.

मग जॉइंटचा, म्हणजे शाफ्ट आणि बट जिथे जोडले जातात त्या सांध्याचा वाद. कुणी स्टीलच्या जॉइंटची शपथ घेतो, कुणी लाकडाला लाकूड भिडणाऱ्या जॉइंटची. क्यूच्या मेपल लाकडात आवाजाची लाट रेषांच्या दिशेने सेकंदाला साधारण चार किलोमीटर जाते. पूलची क्यू ५८ इंची, म्हणजे दीड मीटरला जरा कमी. टोकापासून टोकापर्यंत जाऊन परत यायला तिला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. त्यामुळे जॉइंट आणि बट आवाजात आपला वाटा उचलतात, हे खरं. पण साइड मारल्यावर, म्हणजे बॉलच्या मध्याच्या डावी-उजवीकडे टिप लावल्यावर, बॉल रेषेपासून किती सरकतो, हे ठरवतं शाफ्टच्या पुढच्या वीतभर भागाचं वजन. तिथे जॉइंटला कुणी विचारत नाही. कार्बन फायबरच्या शाफ्टला नाकं मुरडणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं: ती मुळात पोकळ नळी, म्हणून आवाज वेगळा. तो दाबायलाच बनवणारे आत फोम भरतात.

स्नूकरवाल्यांचा कान वेगळाच तयार झालेला असतो. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मलेला हा खेळ. त्याची क्यू बहुधा अ‍ॅशच्या लाकडाची, पुढे टिपच्या मागे पितळी फेरूल, म्हणजे कडं, टिप नऊ-दहा मिलिमीटरची, बॉलही लहान. पूलच्या जाड मेपल शाफ्टची सवय असलेल्याला ती आधी पातळ वाजते.

टिप नेमकी कुठे लागली, हेही ऐकू येतं. मध्यापासून बॉलच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्यापलीकडे गेलात की टिप घसरते आणि तो ओळखीचा, लाज आणणारा मिसक्यूचा ‘टिच्’ होतो. ती घसरू नये म्हणूनच टिपला चॉक घासायचा. सिलिका आणि कुरुंदाच्या भुकटीच्या चॉकचं पेटंट १८९७ साली अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स यांनी घेतलं. बट वर उचलून मारलंत तर बॉल टेबलाच्या कापडाखालच्या स्लेटच्या फरशीवर दाबला जाऊन उसळतो आणि एक ‘धप्प’ मागून येतो. तो दोष क्यूचा नव्हे.

तब्येतीचं मात्र कानाने तपासावं, मडकं वाजवून घेतो तसं. आवाज एकाएकी बसका झाला तर टिपचा गोंद सुटत आलाय. चिरका झाला तर फेरूल भिंगाखाली बघा, केसाएवढी चीर असते. बारीक ‘कट्’ येत असेल तर जॉइंट पूर्ण आवळलेला नाही. आणि प्रत्येक फटक्यानंतर बटात काहीतरी झणझणत असेल तर मागचा रबर काढा. पुष्कळ क्यूंमध्ये आत वजनाचा बोल्ट असतो, तो सैल झालेला सापडेल. अ‍ॅलन कीने हळूहळू आवळा, झणझण थांबली की थांबा. करकचून पिळाल तर बट तडकेल.