तुळजापूरच्या माथ्यावर फायबर नेताना

[दृश्य: बालाघाटाचा डोंगर, पायथ्याकडून चढत येणारे भाविक]

निवेदन:
नवरात्रात तुळजापूरला लाखोंनी भाविक येतात आणि परिसरातल्या टॉवरांवर एकदम ताण येतो. फोन टॉवरशी हवेतून बोलतो खरा, पण तिथून पुढचा एवढा भार पेलायला काचेचा तंतू, म्हणजे फायबर, सोयीचा. हा तंतू आधी कुठल्या टॉवरला न्यायचा?

काही बाबतींत तडजोड नाही. फायबरमधून जाताना प्रकाशाला दर किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद लागतात. टॉवरवर नुसता अँटेना आणि सिग्नलची प्रक्रिया दूरच्या केंद्रात असेल, तर एका बाजूचा विलंब साधारण 100 मायक्रोसेकंदांत बसवावा लागतो. म्हणजे फार तर 20 किलोमीटर.

बाकीचं इतकं रोखठोक नसतं. गर्दी यात्रेपुरती की बारमाही? खाली काळं रान, पावसात फुगणारं, उन्हाळ्यात भेगाळणारं. वर चढलं की कातळ. अशा ठिकाणी '500 ग्राहक असतील तर फायबर, 499 असतील तर नाही' अशी रेघ ओढली, की एखादी वाडी एका माणसासाठी वगळली जाते. हे चुकीचंच आहे.

अशा रेघेला पर्याय आहे. 1965 साली संगणकशास्त्रज्ञ लोत्फी झादे यांनी अमेरिकेत बर्कलीत फजी, म्हणजे धूसर सीमांच्या, संचांची कल्पना मांडली. यात 'मागणी जास्त' हे विधान 0 ते 1 यांमध्ये कितीही खरं असू शकतं. समजा, एका वाडीची मागणी 0.6 इतकी 'जास्त' आहे आणि खोदाई 0.8 इतकी 'अवघड'. नियम असा: मागणी जास्त आणि खोदाई अवघड, तर केबल खांबावरून. दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा, नियम 0.6 इतका लागू. असे सगळे नियम एकत्र करून त्या वाडीचा प्राधान्यक्रम आणि केबल न्यायची पद्धत ठरते.

[दृश्य: रस्त्याकडेला जोडणी करणारा तंत्रज्ञ, हातांचा क्लोजअप]

तंत्रज्ञ आवरण सोलतो, तंतू स्पिरिटनं पुसतो, क्लीव्हरनं सरळ कापतो. जाडी 125 मायक्रॉन. यंत्रात दोन टोकं समोरासमोर येतात, विजेच्या ठिणगीनं वितळून एक होतात. पडद्यावर जोडात होणाऱ्या प्रकाशाच्या घटीचा आकडा उमटतो: 0.02 डेसिबल, म्हणजे जोड उत्तम.

फजी नियम लिहिताना हा माणूस आणि खोदकामाचा मुकादम शेजारी बसायलाच हवेत. कुठल्या ओढ्याकाठी जमीन सरकते, कुठे रस्तारुंदीत जेसीबीनं केबल तुटते, हे त्यांना पाठ असतं. 'रान बरंच भेगाळ, रस्ता रुंद व्हायची शक्यता मोठी, तर केबल पुरू नका' हा नियम त्यांच्याकडूनच येईल.