दोन अन्नपूर्णा

(पडद्यावर काळोख. जिन्यावर बुटांचा आवाज, मागोमाग धाप.)

पहाटेचे साडेचार. लालबाग. २२ मजल्यांचा टॉवर. खालचा वॉचमन रोज न चुकता सांगतो, "ताई, लिफ्ट चालू आहे," आणि ती रोज हसून जिन्याकडे वळते.

ही माझी धाकटी बहीण. वय २३. परळच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते, साडेआठला ड्यूटी. फिल्ममध्ये नाव घालू नकोस, असं तिनेच बजावलंय. "आधी जाऊन येऊ दे. मग सांग कोणाला सांगायचंय ते." म्हणून इथे ती नुसती 'ही'.

पाठीवरच्या सॅकमध्ये दोन-दोन लिटरच्या आठ बाटल्या, पाण्याने भरलेल्या. बाटल्या हलू नयेत म्हणून मधल्या फटींत आईच्या जुन्या साड्या कोंबल्यात. गच्चीच्या दाराला हात लावायचा आणि लिफ्टने खाली यायचं. खाली जाताना जिना नाही, कारण गुडघे जातात ते उतरताना. लिफ्टचा उपयोग एवढाच.

चौदाव्या मजल्यावर आमचं घर. दारात पाट टाकून आई बसलेली असते, पुढ्यात मोड आलेल्या वालांची परात. बिरडं सोलता सोलता फेऱ्या मोजते. ही समोरून गेली की एक वाल बाजूच्या वाटीत.

मजला तीन मीटरचा धरला, तर एक फेरी ६६ मीटरची. हिला जायचंय नेपाळमधल्या अन्नपूर्णा-१ वर, उंची ८,०९१ मीटर. उत्तरेकडचा बेस कॅम्प साधारण ४,२०० मीटरवर. म्हणजे आमच्या जिन्याच्या ५९ फेऱ्या. एवढंच असतं तर वॉचमनही जाऊन आला असता. जिन्यात हवा भरपूर आहे. तिथे माथ्यावर हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम एक तृतीयांश. समुद्राकाठी वाढलेल्या शरीराला त्याची सवय करायची तर डोंगरावरच आठवडे काढावे लागतात. वर जायचं, खाली यायचं, पुन्हा थोडं जास्त वर.

(देव्हारा. समईच्या उजेडात एक छोटी मूर्ती.)

ही आमच्या घरातली अन्नपूर्णा. पितळेची, अंगठ्याएवढी, वाटीतल्या तांदळावर बसलेली, हातात पळी. लग्नात आईने गौरीहर पुजला तो हिच्यासमोर, आणि मग माहेरहून तिच्याबरोबर हीही सासरी आली. बहिणीने शिखराचं नाव पहिल्यांदा घेतलं तेव्हा आई कुकर उतरवत होती. म्हणाली, "अन्नपूर्णा आहे आपल्या घरात. आणखी कशाला हवी?" आम्ही दोघं हसलो. आई हसली नव्हती.

नेपाळातल्या अन्नपूर्णेची गोष्ट अशी. ३ जून १९५० ला मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच तिच्या माथ्यावर पोचले. आठ हजार मीटरवरच्या शिखरावर माणूस पोचला तो तेव्हा पहिल्यांदा, एव्हरेस्टच्याही तीन वर्षं आधी. त्या मोसमातले कितीतरी दिवस त्यांचे डोंगर शोधण्यातच गेले होते, कारण हातातले नकाशे चुकीचे होते. उतरताना हिमदंशाने दोघांच्या पायांची बोटं गेली, एर्झोगच्या हातांचीही. परतीच्या वाटेवर त्यांचा डॉक्टर एकेक बोट कापत होता. हा भाग हिने आईला सांगितलेला नाही. फिल्म बघताना तिला कळेलच, मग माझं जे व्हायचं ते होईल.

(लोकलचा भोंगा. उजाडतंय.)

रविवारी मुंब्रा. करी रोडहून पहिली लोकल, सोबत दोर आणि केळी. मुंब्रादेवीच्या डोंगराचे कातळ म्हणजे मुंबईच्या प्रस्तरारोहकांची जुनी शाळा. काळा बसॉल्ट. उन्हं चढली की तव्यासारखा तापतो, तळहाताला घाम सुटतो आणि होल्ड, म्हणजे बोटांनी धरायची जागा, साबणासारखा निसटायला लागतो. म्हणून जे काय करायचं ते ऊन यायच्या आत. पावसाळ्यात शेवाळ, तेव्हा सुट्टीच.

(हात, अगदी जवळून.)

मधल्या बोटाला चिकटपट्टी. नखं मुळापर्यंत कापलेली, चॉकने पांढरी झालेली. कातळाला एक आडवी खाच, जेमतेम एका पेराची. तीन बोटं बसली, चौथ्याला जागा नाही. डावा पाय नुसता घर्षणावर. ती थांबलीये, पण विश्रांती घेत नाहीये. बघा, मनगटाची शीर उडतेय. मग उजवा पाय कमरेच्या उंचीवर जातो, अंगठा कुठेतरी टेकतो, आणि ती वरून "टाइट!" म्हणून ओरडते. खालचा बिलेवाला, म्हणजे तिचा दोर सांभाळणारा, दोर आवळतो. माझ्या फुटेजमध्ये या जागी माझा श्वास ऐकू येत नाही. घेतलाच नव्हता.

इथून खाली रूळ दिसतात. ९ जून २०२५ ला, सोमवारी सकाळी, याच मुंब्रा स्थानकाजवळ दोन भरलेल्या लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारांत लटकलेली माणसं खाली पडली. किमान चौघं गेले. कामावर निघालेले.

ही कातळावरून उतरली आणि रुळांकडे बघत पाणी प्यायली.

"दादा, दारात लटकण्यात अवघड काय आहे? काही नाही. लहान पोरंही लटकतात. ते धोक्याचं आहे. हा कातळ अवघड आहे. पण इथे दोर आहे, बोल्ट आहे, खाली माणूस आहे. पडले तर चार फूट पडेन, चार शिव्या देईन, परत चढेन. लोकांना दोन्ही एकच वाटतं."

"आणि अन्नपूर्णा?"

"ती दारात लटकण्यासारखी."

हे उत्तर मला आवडलं नाही. मी कॅमेरा बंद केला. पुढचं बोलणं म्हणूनच तुम्हाला माझ्या तोंडून ऐकावं लागतंय.

उत्तर बाजूच्या वाटेवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या कॅम्पच्या मधल्या उतारावर, डोक्यावर हिमकडे लटकलेले असतात. ते केव्हा तुटतील हे कोणी सांगू शकत नाही. तुम्ही किती फेऱ्या मारल्यात, किती कातळ चढलात, याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. कितीतरी वर्षं दर तीन यशस्वी चढायांमागे साधारण एक मृत्यू असा या शिखराचा लौकिक होता. अलीकडे ते प्रमाण उतरलंय. पण अनातोली बुक्रेव्हसारखा मुरलेला गिर्यारोहक १९९७ च्या नाताळात याच डोंगरावर हिमप्रपातात गेला. आणि ७ एप्रिल २०२५ ला, दुसऱ्या कॅम्पच्या वर, नगिमा ताशी आणि रिमा रिंजे हे दोघे शेर्पा गेले. त्यांना कसलं स्वप्न पुरं करायचं नव्हतं. तेही कामावरच होते. शिखरावरच्या फोटोतल्या झेंड्यामागे अशी किती माणसं ओझं वाहून गेलेली असतात, हे आपल्या सत्कार समारंभांत कोणी बोलत नाही. आमच्या मंडळातही बोलणार नाहीत.

मंडळाचं निघालंच म्हणून सांगतो. मोहिमेचा खर्च लाखांत. हिने मंडळाच्या मीटिंगमध्ये सरळ विचारलं, "गणपतीला वर्गणी देता, अन्नपूर्णेला का नाही?" लोक खूश झाले, टाळ्या पडल्या. पावती अजून फाटलेली नाही.

तिथेच एक काका भाषणात म्हणाले, "आमच्या लालबागची पोरगी अन्नपूर्णा सर करणार!" ही घरी येईपर्यंत धुमसत होती. "किल्ला सर होतो. आत किल्लेदार असतो, तो बदलतो. डोंगरावर काय बदलतं?" खरंय. आपण गडकिल्ल्यांत वाढलेले लोक, डोंगर म्हटलं की तोंडात लढाईचे शब्द येतात. तिच्या कपाटाच्या दारावर आतून एक कात्रण चिकटवलंय, साताऱ्याच्या प्रियांका मोहितेंचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोचल्या, पहिल्या भारतीय महिला. त्या कात्रणात मात्र 'सर' हा शब्द तिने पेनाने खोडलाय.

मग जायचंच कशाला? मी विचारून विचारून थकलो. दर वेळी वेगळं उत्तर मिळतं, म्हणजे उत्तर नाहीच. एकदा म्हणाली, तिथे लोकलचा आवाज नाही म्हणून. एकदा नुसतीच, "तुला नाही कळणार." उत्तरकाशीला गिर्यारोहणाचे बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स झाले, मग लाहौलमधलं एक सहा हजारी शिखर करायला गेली आणि माथा समोर दिसत असताना वाऱ्यामुळे परत आली. मी स्टेशनवर घ्यायला गेलो तर रडलेली वगैरे काही नव्हती. वडापाव मागितला, दोन खाल्ले.

पण मुंब्र्याला कॅमेरा बंद असताना ती आणखी एक गोष्ट बोलली, आणि ती मी घरी जेवताना आईला सांगून बसलो. ती म्हणाली, "हिमकडा माझ्या हातात नाही. त्याच्याखाली मी किती वेळ असते, ते माझ्या हातात आहे. थंडीने सगळं घट्ट असतं तेव्हा निघायचं आणि तो उतार लवकरात लवकर मागे टाकायचा. तिथे दम लागला म्हणून बसायची सोय नाही. जिना त्यासाठी आहे. तुला काय वाटलं, पोटऱ्या बनवतेय?"

आईने ऐकलं आणि ताटातली आमटी चमच्याने ढवळत राहिली. काही बोलली नाही.

(पुन्हा जिना. चौदावा मजला. ट्यूबलाइट मिचमिचतेय.)

दुसऱ्या दिवशी. आई दारात. पाट तोच, परातही तीच. पण वाटी नाहीये. वाटीच्या जागी माझा जुना मोबाइल, स्टॉपवॉच चालू. ते कसं लावायचं हे तिने शेजारच्या मुलाला विचारून घेतलं होतं, मला नाही.

खालून पावलं आली. ही वळणावर दिसली, घामाने निथळलेली, सॅकचे पट्टे दोन्ही मुठींत धरून. आईसमोरून गेली. आईने बोट टेकवलं, चष्मा वर केला, आकडा वाचला.

"मघापेक्षा वीस सेकंद जास्त लागले गं," आई वरच्या जिन्याकडे बघत ओरडली. "रेंगाळू नकोस."