एका सेकंदाचा आवाज

ही कॅसेट मामाची. वर निळ्या शाईत एकच शब्द आहे: ‘पाढे’. पण टेपरेकॉर्डरवर लावली तर पाढे ऐकू येत नाहीत. आधी पाच सेकंद सलग शिट्टी, मग कानाला टोचणारी किरकिर. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी सगळी त्या किरकिरीतच आहेत.

हा झेडएक्स स्पेक्ट्रम, घरी वापरायचा छोटा संगणक. मामाचा पाढ्यांचा प्रोग्राम याच्यासाठीच. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२मध्ये ब्रिटनमध्ये तो जाहीर केला. मेमरी फार तर ४८ किलोबाइट. डिस्क नाही; प्रोग्राम जपून ठेवायचा तर घरातलाच टेपरेकॉर्डर जोडायचा. पुढे आलेला स्पेक्ट्रम प्लस डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात बनवला. मामाकडे तोच होता.

स्पेक्ट्रम शून्य आणि एक यांचा आवाज करतो. शून्यासाठी साधारण अर्ध्या मिलिसेकंदाची लहर, एकासाठी तिच्या दुप्पट. म्हणजे फाइल हीच मुळात ध्वनिमुद्रण. १९८०च्या दशकात बेलग्रेडच्या रेडिओवरून प्रोग्राम चक्क प्रसारित व्हायचे, आणि लोक ते टेप करून आपल्या संगणकात भरायचे! त्यामुळे आज ही फाइल लॅपटॉपवर आणायला एक वायर पुरते: टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये.

आवाज वेव्ह फाइलमध्येच घ्यायचा. एमपी३ माणसाच्या कानासाठी आहे, लहरींच्या कडा ती बोथट करते. डावा-उजवा दोन्ही चॅनेल धरून पाच मिनिटांची वेव्ह फाइल ५३ मेगाबाइटच्या आसपास जाते. ऑडिओ-टू-टेप नावाचा मोफत प्रोग्राम त्यातल्या लहरी मोजतो आणि फक्त शून्य-एक ठेवून ‘टॅप’ फाइल बनवतो. ती ५० किलोबाइटच्याही आत.

आमचा प्रोग्राम पहिल्याच फेरीत उतरला. लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवला. पाढे आले, पण सातच्या जागी ‘एच’ आणि नऊच्या जागी ‘जे’.

ही मामाची चौकटीची वही. स्पेक्ट्रमला देवनागरी येत नाही, पण त्यात २१ अक्षरं स्वतः काढायची सोय आहे, प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं. इथे बघा. पेन्सिलीने घरं भरून मामाने शून्य ते नऊ आकडे काढलेत. पाच तीनदा खोडलाय. आठ ठिपक्यांत पाचचं पोट आणि शेपूट दोन्ही बसवायचं म्हणजे कसरतच. ही अक्षरं ‘बेसिक’ या संगणकभाषेतल्या प्रोग्रामबरोबर साठवली जात नाहीत, वेगळी टेप करावी लागतात. १६८ बाइट. शिट्टी सोडली तर जेमतेम एका सेकंदाचा आवाज. ती नसतील तर स्पेक्ट्रम त्या जागी इंग्रजी अक्षरं दाखवतो.

तो सेकंद कॅसेटवर होता, पण वाचला जात नव्हता. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. एक लहर जरी चुकली, तरी तो जुळत नाही.

फीत जवळून पाहिली तर कडेला पांढरी भुकटी. बुरशी. जवळजवळ चाळीस पावसाळे या कॅसेटने कपाटात काढलेत. अशी कॅसेट तशीच वाजवू नका, हे अगदी कळकळीने सांगते. बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढची कॅसेटही खराब करते. आधी फितीवरची बुरशी पुसायची, मग हेड साफ करायचं. मग हेडशेजारचा हा बारीक स्क्रू. मामाच्या टेपरेकॉर्डरचं हेड किंचित कललेलं असणार. आपलंही तसंच कलवायचं. शिट्टी सर्वांत धारदार ऐकू आली की थांबायचं.

तरीही पडताळणी जुळेना. शेवटी डावा आणि उजवा चॅनेल वेगळे केले. मामाचा टेपरेकॉर्डर मोनो होता, म्हणजे दोन्हीकडे तोच आवाज. डावा चॅनेल फितीच्या कडेला असतो, बुरशी लागली तिथेच. उजवा आतला. फक्त उजवा घेतला, आणि १६८च्या १६८ बाइट आले.

आता उलटा प्रवास. फाइलचा पुन्हा आवाज करून तो मोबाइलवर घेतला. मोबाइलमधून वायर स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ भोकात. आवाज पूर्ण मोठा, नोटिफिकेशन बंद. मध्येच एक टिंग वाजली तरी सगळं पहिल्यापासून. टीव्हीच्या कडेला लाल-निळसर पट्टे, मग निळे-पिवळे. पहिला तुकडा. दुसरा.

हा प्रोग्राम मामाने माझ्या ताईसाठी लिहिला होता. ती शेजारीच बसली आहे. पडद्यावर ७ उमटतो, ठिपक्याठिपक्यांचा, आणि त्यापुढे रोमन अक्षरांत ‘दीडे’.

ताई कीबोर्डला हात लावायच्या आत म्हणते, “साडेदहा.”