लेनमध्ये आपली गाडी नेमकी कुठे असावी

नमस्कार मंडळी. हेल्मेट, ब्रेक, एबीएस यावर आपलं बऱ्याचदा बोलून होतं, त्यामुळे आज मी ते घेत नाही. आज एकच विषय, लेनच्या आत आपली बाईक कुठे ठेवायची. कुठल्या लेनमधून जायचं हा वेगळा प्रश्न, तो नाही. एकाच लेनच्या आत डावीकडे, मध्ये की उजवीकडे. फोर-व्हीलरवाल्याला हा प्रश्न पडतच नाही कारण त्याची गाडीच लेन भरून टाकते. हायवेची लेन साडेतीन मीटरची असते आणि आपलं हँडल पाऊण मीटरच्या आसपास, म्हणजे उरलेली सगळी जागा आपल्या हातात असते, ती कशी वापरायची ते आपण ठरवायचं, आणि माझं दुखणं हे आहे की बहुतेक जण ते ठरवतच नाहीत, गाडी जिथे जाईल तिथे जातात.

आणि ठरवतात ते एकच ठरवतात, कडेकडेने जायचं. घरातून निघताना आई तेच सांगते, वडीलही तेच सांगतात. लुना आणि सायकली चालायच्या त्या काळात गावातल्या रस्त्याला ते बरोबरच होतं. पण आज हायवेला साठच्या स्पीडला अगदी कडेची जागा ही सगळ्यात बेभरवशाची जागा आहे. काय काय असतं तिथे बघा. साईडपट्टीचा मुरूम आणि वाळू, डांबर संपतं तिथला चार बोटांचा खाली उतार, उभी वडाप म्हणजे शेअर जीप, तिच्यातून एकदम उघडणारं दार, बसस्टॉपवर रस्त्यात आलेली माणसं, कुत्री, आणि सगळ्यात वाईट म्हणजे राँग साईडने समोरून येणारा, जो बिचारा कडेनेच येतो कारण त्यालाही घरून तेच सांगितलेलं असतं. साठच्या स्पीडला तुम्ही एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाता. कडेला काही झालं तर डावीकडे जायला जागा नाही आणि उजवीकडे न बघता जावं लागतं. आणि आणखी एक, तुम्ही कडेला गेलात की मागच्या कारवाल्याला वाटतं त्याच लेनमध्ये आपण आरामात बसतो, मग तो तुमच्या कोपराला घासून जातो. म्हणजे जागा तुम्हीच त्याला देऊन टाकली.

तर आता लेनचे मनातल्या मनात तीन पट्टे करा. चारचाकीची डावी चाकं जातात तो डावा पट्टा, उजवी चाकं जातात तो उजवा, आणि मधला जिथे कोणाचीच चाकं जात नाहीत. चाकं जातात तिथला रस्ता त्यातल्या त्यात स्वच्छ राहतो, खडी, वाळू आपोआप बाजूला उडते. मधल्या पट्ट्यात इंजिनाचं ऑइल, डिझेल ठिबकत राहतं. सिग्नलला, टोलनाक्याला, जिथे जिथे गाड्या थांबून राहतात तिथे मधला काळा चकचकीत पट्टा तुम्ही पाहिलाच असेल. पहिल्या पावसात तर तिथे पाय टेकवला तरी घसरतो.

पण मधल्या पट्ट्याबद्दल ऑइलपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे खड्डा. समजा तुम्ही एका कारच्या मागे आहात, बरोबर मध्ये. पुढे खड्डा आला, कारवाल्याला तो दिसला, त्याने ब्रेक नाही मारला, स्टिअरिंगही नाही वळवलं, नुसता खड्डा दोन्ही चाकांच्या मध्ये घेतला आणि गेला, त्याच्या दृष्टीने काही झालंच नाही. ब्रेकलाईट लागली नाही म्हणजे तुम्हाला कसली सूचना नाही. कारच्या मागच्या बंपरखालून तो खड्डा बाहेर येतो तेव्हा तुमचं पुढचं चाक त्याच्यापासून काही फुटांवर असतं, आणि तेवढ्यात काही करता येत नाही. हीच कार तुम्ही उजव्या पट्ट्यातून फॉलो करत असाल तर एक तर तुम्हाला तिच्या बाजूने पुढचा रस्ता दिसतो, आणि दुसरं म्हणजे तुमच्या पट्ट्यात खड्डा असेल तर कारचं चाक आधी त्यात जातं, गाडी दणका खाते, तुम्हाला कळतं. मी शिकवताना नवीन मुलांना बाकी काही सांगायच्या आधी हे सांगतो, कारच्या मागे मध्ये राहू नका. ट्रकच्या मागे तर नाहीच नाही, कारण ट्रकखालून दगडही जातो आणि फाटलेला टायरही जातो.

म्हणून आपल्याकडे डावीकडून वाहतूक असताना माझा नेहमीचा पट्टा म्हणजे आपल्या लेनचा उजवा, जिथून पुढच्याच्या उजव्या आरशात मी दिसतो, कडेपासून मी लांब असतो आणि मागच्याला कळतं की ही लेन भरलेली आहे. पण हा नेहमीचा आहे, कायमचा नाही. उजवीकडून कंटेनर ओव्हरटेक करतोय तर डाव्या पट्ट्यात या, त्याच्या वाऱ्याचा झोत मोठा असतो, तो आधी बाहेर ढकलल्यासारखा आणि मग आत ओढल्यासारखा लागतो. डिव्हायडरच्या लगतच्या लेनमध्ये असाल तर उजव्या पट्ट्यालाही कड असतेच, तिथे वाळू साचते, कण्हेरीच्या फांद्या बाहेर आलेल्या असतात, आणि डिव्हायडर फोडून केलेल्या कटमधून कोणीतरी बाईक घुसवत असतो.

ट्रक ड्रायव्हर उजवीकडे उंचावर बसतो, त्याच्या डाव्या दाराखालचं त्याला काही दिसत नाही. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही, एवढं साधं आहे. त्याच्या डाव्या बाजूने रेंगाळू नका, तो डावीकडे वळला की मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात आणि तुम्ही ट्रक आणि कडेच्या मध्ये सापडता.

आता फाट्यावरची गोष्ट. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातल्या ९०० बाईक अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बाईक आणि दुसरं वाहन अशा टकरींपैकी साधारण दोन तृतीयांश वेळा समोरच्या वाहनाने बाईकचा रस्ता अडवला होता. त्यांच्याकडे रस्ते वेगळे, वाहतूक उजवीकडून, पण फाट्यावर उभ्या माणसाचा डोळा सगळीकडे तोच. एक दिवा सरळ त्याच्याकडे येत असतो, बाजूला हलत नाही, लहान असतो, त्याला वाटतं लांब आहे आणि सावकाश येतोय. आपल्याकडे २०१७ पासून नव्या टू-व्हीलरचा हेडलाईट कायम चालू असतो, ते चांगलंच झालं, पण दिवा दिसणं वेगळं आणि अंतर कळणं वेगळं. डावीकडच्या फाट्यावर ट्रॅक्टर उभा दिसला की मी लेनच्या डावीकडून उजवीकडे हळूच सरकतो. दिवा बाजूला हलला की त्याचं लक्ष जातं, आणि तो आलाच पुढे तर माझ्याकडे दीड-दोन मीटर जास्त असतात. सोबत स्पीडही कमी करायचा, नुसतं सरकून काम होत नाही.

घाट. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाणारे इथे बरेच असतील, तोच डोळ्यापुढे आणा, दोन्हीकडची वाहतूक एकाच रस्त्यावर. उजवं वळण आलं की डावीकडे राहा. एक तर वळणाच्या पलीकडचं लवकर दिसतं. दुसरं, समोरून येणाऱ्या एसटीला ते डावं वळण असतं, लांब गाडीला आतून वळता येत नाही म्हणून तिचं तोंड तुमच्या बाजूला येतंच, यात ड्रायव्हरचा काही दोष नाही. फक्त डावीकडे दरडीची खडी असते, अगदी कडेला जायचं नाही. आणि उजव्या वळणावर पोरं काय करतात, रस्त्याच्या मधोमध आखलेल्या पांढऱ्या पट्ट्याला चिकटतात, चाक पट्ट्याच्या आत असतं म्हणून त्यांना वाटतं आपण आपल्या बाजूला आहोत. पण गाडी उजवीकडे झुकलेली असते ना! चाक पट्ट्याच्या आत आणि डोकं पट्ट्याच्या पलीकडे, समोरच्या ट्रकचा आरसा येतो बरोबर त्या उंचीला. हे एकदा थांबलेल्या गाडीवर, स्टँड लावून, एकाला पकडायला सांगून झुकून बघा, डोकं चाकाच्या किती बाहेर जातं ते, मग घाटात आपोआप पट्ट्यापासून लांब राहाल.

डावं वळण जरा अवघड. उजवीकडे राहिलं तर लांबचं दिसतं, पण समोरचा नेमका तिथेच वळण कापून तुमच्या बाजूला येतो. म्हणून डाव्या वळणाला दिसेपर्यंत मध्यापेक्षा थोडं उजवीकडे, त्या आखलेल्या पट्ट्याला चिकटून नाही, आणि समोर काहीही दिसलं की लगेच डावीकडे. आंधळं वळण असेल तर दिसणं सोडून द्या, मध्ये राहा, हॉर्न द्या, स्पीड कमी.

पावसात पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी बाजूला सारलेलं असतं, त्याच चाकोरीतून जा, पण रस्ता दबून चाकोरीचीच नाली झाली असेल तर तिच्यात पाणी साचतं, तेव्हा तिच्या बाजूने. पांढरे पट्टे, झेब्रा, गटाराची लोखंडी झाकणं यांच्यावर गाडी झुकवायची नाही, ब्रेकही नाही.

रात्रीचं मात्र मला थोडं जास्त सांगायचंय, कारण आपला भाग उसाचा. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की रात्री रस्त्याला ट्रॅक्टर आणि मागे दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला, आणि ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. तो जातो डावीकडूनच, पंक्चर झाला तर उभाही डावीकडेच राहतो, जॅक लावून, मागे चार दगड ठेवून. समोरून कोणी अप्पर, म्हणजे हेडलाईटचा वरचा झोत, मारला की दोन-तीन सेकंद तुम्हाला काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यात तुम्ही चाळीस-पन्नास मीटर पुढे गेलेले असता. त्या वेळी तुम्ही कडेला असाल तर सरळ ट्रॉलीत. आणि तो निघाला की दगड रस्त्यातच सोडून जातो, तेही डावीकडेच. म्हणून सीझनमध्ये रात्री डावा पट्टा नकोच, उजव्या पट्ट्यात, आणि जेवढा उजेड पडतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच स्पीड.

एक चिठ्ठी आलीय, की असं उजव्या पट्ट्यात चालवलं तर मागून हॉर्न मारून जीव खातात, त्यांचं काय करायचं. मारतात, बरोबर आहे. त्याला अडवायला आपण तिथे नाही. आरशात बघा, डावीकडे मोकळं आहे ना ते बघा, इंडिकेटर द्या, डाव्या पट्ट्यात या, थोडा ॲक्सिलरेटर सोडा, त्याला पूर्ण जाऊ द्या. हात दाखवून जा म्हणालात तरी चालेल, बरेच जण हॉर्न बंद करतात. तो गेला की त्याच्या मागोमाग दुसरा चिकटून येत नाही ना ते बघा, बऱ्याचदा येतच असतो, आणि मग परत आपल्या पट्ट्यात.